क्लोरीन कोण खातंय?

"रविवारी सकाळी मातीचा ट्रक येणार. संपला विषय!" मामाने फोन खिशात टाकला आणि तो तरातरा घरात निघून गेला.

स्विमिंग पूलच्या काठावर तिघं उरली. ताई, तिचा धाकटा भाऊ वकील आणि मामाची मुलगी चिमणी. वकील अजून सातवीत होता, पण 'जेवायला ये' म्हटलं तरी 'का?' असं विचारायचा, म्हणून त्याला ते नाव पडलं होतं. दोघं भावंडं सुट्टीसाठी मामाकडे आली होती.

घरामागचा हा पूल काही फार मोठा नव्हता. आत्ता तर त्याचा तळही दिसत नव्हता, पाणी इतकं हिरवं झालं होतं. मामा घासघासून शेवाळ काढायचा, क्लोरीन टाकायचा, पाणी आरशासारखं व्हायचं. आठवडा उलटतो न उलटतो तोच शेवाळ पुन्हा हजर! शेवटी मामाचं डोकं फिरलं. पूल बुजवायचा आणि तिथे गाडी लावायची, असं त्याने ठरवून टाकलं.

"पूल बुजवला तर मी चालायचं कुठे?" चिमणीने विचारलं.

ती सायकलवरून पडली होती. पायाचं प्लॅस्टर निघालं, पण पाय काडीसारखा झाला होता. जमिनीवर काठी घेऊनसुद्धा चार पावलांत तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. पाण्यात मात्र ती काठ धरून चालू शकायची. रोज पाण्यात चालायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पोहण्याचा दुसरा तलाव शहराच्या पार त्या टोकाला होता आणि खोल इतका की तिचे पाय टेकलेच नसते.

"कोण बुजवतंय बघू!" ताई म्हणाली. "रविवारला वेळ आहे. आधी शोधून काढू, हे होतंय कशामुळे."

"शेवाळ हवेतून येतं. शोधायचंय काय त्यात?" वकील म्हणाला.

"येऊ दे ना! पण मामा एवढं क्लोरीन टाकतो, त्याने ते मरत का नाही?"

वकिलाने चक्क मान डोलावली. असं क्वचितच व्हायचं.

ताईने मामाच्या इतक्या विनवण्या केल्या की त्याने कंटाळून होकार दिला. "शेवटचं हं! नंतर कटकट नको," असं म्हणत त्याने पूल पुन्हा घासला आणि क्लोरीन टाकलं. मामाकडे पाणी तपासायची एक छोटी पेटी होती. नळीत पूलचं पाणी घ्यायचं आणि त्यात गोळी टाकायची. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं, नसेल तर होतं तसंच राहतं. मामा क्लोरीन टाकलं की लगेच तपासायचा, गुलाबी रंग बघायचा आणि समाधानाने झोपायला जायचा. सकाळी ऑफिसची घाई. मग पेटीकडे बघतो कोण!

मुलांनी मात्र ती पेटी स्वतःच्या ताब्यात घेतली. गुरुवारी सकाळी पाणी गुलाबी, संध्याकाळीही गुलाबी. शुक्रवारी नाश्ता झाल्यावर चिमणीने नळीत गोळी टाकली आणि ती किंचाळली, "ताई! रंगच येत नाहीये!"

"गोळी खराब असेल," वकील म्हणाला.

त्यांनी दुसरी टाकली. तरीही रंग नाही.

"म्हणजे रात्रीतून कोणीतरी क्लोरीन खाऊन टाकलं?"

"रात्रीतून नाही," ताई म्हणाली. "खाली बघ. फरशी ओली आहे. पूलमध्ये तर अजून कोणी उतरलंच नाही! म्हणजे आज पहाटेच कोणीतरी ती धुतलीय."

वकील लगेच फरशीवर पालथा पडला. फरश्यांच्या फटीत त्याला एक पांढरा दाणा सापडला, साबुदाण्याएवढा. बोटांत धरल्यावर तो विरघळायला लागला. "साखर?" म्हणून त्याने तो जिभेकडे नेला आणि ताईने त्याच्या हातावर फटका मारला.

"काहीही तोंडात काय घालतोस!"

"असले दाणे मी पाहिलेत," चिमणी हळूच म्हणाली. "आजोबांच्या हिरवळीवर."

तिघांनी एकदमच मान वळवली. पूलला लागूनच आजोबांची, म्हणजे मामाच्या वडिलांची, हिरवळ होती. त्या हिरवळीवर पाय ठेवायची कोणाची टाप नव्हती. दर शुक्रवारी भल्या पहाटे आजोबा तिला खत घालायचे. ताईने अडगळीच्या खोलीत जाऊन खताची पिशवी वाचली. खतात अमोनिया होता. वकिलाने मामीच्या फोनवर शोधलं आणि तो नाचायलाच लागला. अमोनिया क्लोरीनला निकामी करतो, आणि वर खत म्हणजे शेवाळाला आयती मेजवानी!

संध्याकाळी त्यांनी मामाला गाठलं. "मामा, आजोबांचं खत..."

"उगाच त्यांच्या वाटेला जाऊ नका. ट्रक ठरलाय."

आजोबा तर उसळलेच. "माझं खत गवतासाठी आहे! पाण्यात टाकायला मला वेड लागलंय का?"

"आता?" चिमणी रडकुंडीला आली.

"आता प्रयोग," ताई म्हणाली. "मोठी माणसं ऐकत नाहीत. बघतात मात्र!"

शनिवारी त्यांनी अंगणात खुर्च्या मांडल्या आणि मामाला व आजोबांना आग्रहाने बसवलं. समोर पाण्याच्या दोन बादल्या. दोन्हींत मामानेच स्वतःच्या हाताने थोडं क्लोरीन टाकलं. दोन्हींतलं पाणी तपासलं, दोन्ही नळ्या गुलाबी.

"आजोबा, पाहुणे तुम्ही," वकील वाकून म्हणाला. "यातल्या कुठल्याही एका बादलीत तुमचं खत टाका."

"चावटपणा आहे नुसता!" आजोबा पुटपुटले, पण त्यांनी मूठभर दाणे डावीकडच्या बादलीत टाकले. पाणी ढवळून सगळे थोडा वेळ थांबले. मग पुन्हा गोळ्या. उजवी नळी गुलाबी झाली. डावी होती तशीच राहिली.

मामा खुर्चीतून उठला. नळी उजेडात धरून त्याने दोनदा बघितली.

"पण हे खत पूलमध्ये जातं कसं? पहाटे फरशी तुम्हीच धुता ना?" त्याने आजोबांना विचारलं.

"दाणे उडून फरशीवर पडतात," आजोबा म्हणाले. "गोट्यांसारखे घरंगळतात. ही येते काठी टेकत. घसरली तर? म्हणून ही उठायच्या आत मी पाइप लावून सगळं धुऊन काढतो."

"आणि उतार पूलकडे आहे," वकील म्हणाला. या वेळी तो वाद घालत नव्हता.

"उतार मीच तसा करवून घेतला," मामा म्हणाला. "आणि पाणी मी कधी सकाळी तपासलंच नाही."

चिमणीने आजोबांचा हात धरला. तिला त्यांचा राग आला नव्हता, उलट रडू येत होतं.

मामाने तिथूनच फोन लावून ट्रक रद्द केला. पूलमधलं बरंचसं पाणी उपसून नवं भरलं. पूलच्या बाजूला खत टाकणं आजोबांनी बंद केलं आणि फरशी कोरड्या झाडूने झाडायला सुरुवात केली. पुढचा शुक्रवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. तळाच्या फरश्या स्वच्छ दिसत राहिल्या.

"मला जे जमलं नाही, ते तुम्ही करून दाखवलंत. शाबास!" मामा म्हणाला.

"नुसतंच शाबास?" वकिलाने विचारलं.

"गप रे!" ताईने त्याला चिमटा काढला. "तिकडे बघ!"

चिमणी काठ धरून पाण्यात उभी होती. आजोबा काठावर बसून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, तिच्यापुढे हात धरून होते.

"हात मागे घ्या, आजोबा."

त्यांनी घेतला. चिमणीने काठ सोडला आणि ती पूलच्या मधोमध चालत निघाली. आजोबा "सावकाश, सावकाश" म्हणत राहिले, ती पलीकडच्या भिंतीला पोचली तरीही.