दोन भिंतींपलीकडचा माऊस

सेल आणायला मी खाली उतरले होते. सुरुवात तिथूनच झाली असं म्हणावं लागेल.

माझा माऊस बिनवायरचा. त्याच्या पोटात दोन बारीक सेल लागतात आणि ते चार-पाच महिने सहज पुरतात. मी मुद्रितशोधक आहे. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या, हे माझं काम, आणि ते मी घरीच करते, बाहेरच्या खोलीत खिडकीशी ठेवलेल्या कॉम्प्युटरवर. दोन दिवस पडद्यावरचा बाण अडखळत होता. हात हलवला तरी क्षणभर जागीच थिजायचा आणि मग भलतीकडेच उडी घ्यायचा. सेल संपत आले की असं होतं, हे मला ठाऊक होतं.

नवे सेल घातले. बाण शहाण्यासारखा चालू लागला. एक पान वाचून संपवलं आणि चहा ठेवायला उठले. कप घेऊन परत आले, तर खुर्ची रिकामी, माऊस टेबलावर जिथल्या तिथे, आणि पडद्यावर बाण हलत होता. लहान लहान झटके. इकडे, मग तिकडे. मधे थांबून पुन्हा.

पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात चारला दहा कमी होते.

मी कप खाली ठेवला आणि चपला घालून घराबाहेर पडले. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. अंधार पडेपर्यंत चालत राहिले.

तुम्हाला थोडं मागचं सांगायला हवं. माझ्या नवऱ्याचा आजार घशाचा होता. शेवटचे पाच महिने त्याला आवाज नव्हता. तो आतल्या खोलीत, मी बाहेरच्या, मधे स्वयंपाकघर; म्हणजे दोन भिंती. त्याच्यासाठी मी एक घंटी आणली होती. त्याने पाटीवर लिहिलं, 'मी काय हॉटेलात उतरलोय?' आणि ती मला परत दिली. मग त्यानेच युक्ती काढली. कॉम्प्युटरच्या मागे खोचायचा नखाएवढा रिसीव्हर असतो, त्याच्याशी दोन माऊस जोडता येतात. दुसरा माऊस त्याने उशाशी घेतला. मी कामात असले की बाण माझ्या हातातून निसटायचा आणि गोल फिरायचा. तीन गोल म्हणजे 'ये'. एवढीच भाषा ठरलेली. कधी काही नको असलं तरी तो उगाच बाण पळवायचा. मी इथून ओरडायचे, "पुरे हं! माझ्या चुका राहतील." मग आतून हसण्याचा घोगरा श्वास ऐकू यायचा.

दोन भिंती ओलांडून येताना ते गोल धड गोल राहत नसत. तुटत, कोनाकोनाचे होत. सवयीने मला ते वाचता यायचे.

त्या शेवटच्या दिवशी एका शब्दकोशाची शेवटची अकरा पानं पाचपर्यंत पाठवायची होती. बाण थरथरायला लागला. मला त्यात गोल दिसला नाही, झटकेच दिसले. त्याच्या माऊसचे सेल उतरले असतील, पाच वाजले की बदलू, असं मनाशी म्हटलं. पण झटके थांबेनात. डोळ्यांपुढे माशी घोंगावत राहावी तसं व्हायला लागलं. किती वेळ उरलाय ते पाहिलं. चारला दहा कमी. मी टेबलाखाली वाकले, रिसीव्हर उपटला आणि उरलेलं काम कीबोर्डवर केलं.

पानं वेळेवर गेली. मग प्रकाशकांचा फोन आला, त्यात वेळ गेला. आत गेले तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. त्याचा हात पांघरुणाखाली माऊसवर होता. डॉक्टर आले, म्हणाले, "नुकतेच गेलेत. झोपेत गेले असतील."

नणंदेला फोनवर सांगताना मी त्यातला 'असतील' गाळला.

तेव्हापासून दहा महिने मी एकच गोष्ट मनात घेऊन फिरते आहे. तो मला बोलावत होता, की ते नुसते उतरलेले सेल होते? हे विचारावं असं जगात कुणी नव्हतं.

आणि आता रोज, चारला दहा कमी असताना, बाण हलायचा.

सहाव्या दिवशी मी टेस्टरला बोलावलं. आमच्या भागात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तो एकच. पन्नाशीचा माणूस. शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर लावलेला, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणतात. त्याच दिवशी सकाळी नणंदही राहायला आली होती. तिची जीभ तिच्या भावासारखीच तिखट. त्याला आवाज होता तेव्हाची.

"नावाचेच टेस्टर, की सापडतं पण काही?" तिने दारातच विचारलं.

"ताई, काही बिघडलेलं असेल तर सापडतं. माणसांच्या तक्रारी असतील तर नाही," तो म्हणाला आणि टेबलाखाली शिरला.

त्याने सगळं केलं. रिसीव्हर मागून काढून पुढच्या खाचेत लावला. वायफायचं खोकं टेबलावरून उचलून कपाटावर नेलं. टेबलाचा पत्रा नडतो म्हणून रिसीव्हर एका लांब वायरीच्या टोकाला लावून वर आणला. "ही सगळी हवेतली भांडणं असतात," तो म्हणाला. "एकाच वाटेने चारजण बोलायला लागले की कुणाचंच धड ऐकू येत नाही."

माझ्या हाताखाली माऊस छान चालत होता. टेस्टर हात पुसत उठला, आणि तेवढ्यात चारला दहा कमी झाले.

बाणाने झटका घेतला.

टेस्टरने माऊस उलटा केला आणि पोटाखालचं बटण बंद केलं. लाल दिवा विझला. बाण हलतच होता. खिडकी उघडी होती, तरी खोलीत कोंदटल्यासारखं वाटायला लागलं. आतल्या खोलीचं दार मी दहा महिने बंद ठेवलंय, मी तिकडे पाहिलं नाही.

"अगोबाई," नणंद म्हणाली. "शेजाऱ्यांचा असेल का गं?"

टेस्टरने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि कसलीशी यादी उघडली. "या रिसीव्हरला दोन माऊस जोडलेत. एक हा, बंद दाखवतोय. दुसरा चालू आहे. कुठे आहे तो?"

"दादाचा," नणंद म्हणाली आणि उठून कपाटाचा ड्रॉवर उघडून तो घेऊन आली. टेस्टरने त्याचं झाकण काढलं. आत सेल नव्हते. ते मीच काढले होते. पत्र्याच्या पट्टीवर हिरवट गंज धरला होता.

टेस्टरने झाकण परत लावलं.

"यादी खोटं बोलतेय," टेस्टर शेवटी म्हणाला. "रिसीव्हर गेला. दुसरं काय?"

"हे असे झटके का येतात?" मी विचारलं. आवाज नेहमीसारखा निघाला याचं मला नवल वाटलं.

"लांबून येतं तेव्हा असं होतं ताई. माऊस जवळ असला की बाण लोण्यासारखा फिरतो. जसा लांब जाल तसा अडखळतो. हा जो कुणाचा आहे ना, तो…" त्याने पडद्याकडे पाहत अंदाज घेतला. "दोन भिंतींपलीकडे असेल."

नणंदेने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिला वाटलं, भावाची वस्तू पाहून मला भरून आलंय. "काढून टाक गं आता हे सगळं," ती म्हणाली. "किती दिवस जपशील? झोपेत गेला, त्रास झाला नाही, तेवढं समाधान आहे ना आपल्याला."

मी मान हलवली.

टेस्टरने पिशवीतून वायरचा माऊस काढून जोडला. "याला हवेची भानगडच नाही. हा रिसीव्हर मी घेऊन जाऊ का? दुकानात बघतो काय झालंय ते."

मला माहीत होतं मी काय देते आहे. तरी मी हो म्हणाले.

पुढचे चार दिवस बाण निमूट होता. नणंद परत गेली. मी तुंबलेलं काम संपवलं, रात्री झोप लागली, एकदा तर चार वाजून गेल्याचं माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं, आणि त्याचीच शरम वाटत होती.

पाचव्या दिवशी टेस्टरचा फोन आला.

"ताई, एक विचारू? तुम्ही तो जुना माऊस चालू केलाय का?"

"नाही. का?"

"तुमचा रिसीव्हर मी आज दुकानातल्या कॉम्प्युटरला लावला. मघापासून बाण हलतोय. आता इथून तुमचं घर केवढं लांब, एवढ्या लांबून येणं शक्यच नाही म्हणा. मला वाटलं, विचारून बघावं."

मी घड्याळ पाहिलं. चारला पाच कमी.

"गोल फिरतोय का?"

"गोल कसला? नुसता उड्या मारतोय. आधी इथे, मग…" तो थांबला. "थांबा हं. गोलच असावा. फार तुटक आहे, पण फिरून तिथेच येतोय. एक… दोन… तीन. थांबला. परत सुरू. एक… ताई, तुम्हाला कसं कळलं?"

मी ड्रॉवर उघडून पाहिलं. माऊस होता तिथेच होता, पालथा, रिकाम्या पोटाचा. त्याला हात न लावता ड्रॉवर बंद केला.

"मी येते," मी म्हटलं. "फोन ठेवू नका."

दुकान आमच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, चालत दहा मिनिटांवर. ऊन होतं. दुपारची झोप काढून माणसं दारं उघडत होती. मी कानाशी फोन धरून चालत होते आणि टेस्टर आपल्या धंद्याच्या सवयीने सांगत होता.

"आता जरा सुधारलाय."

मी औषधांच्या दुकानापाशी पोचले होते.

"अजून सुधारला. उड्या कमी झाल्या."

गाड्या जात होत्या म्हणून मी रस्त्याच्या कडेला थांबले. "आता?"

"आहे तसाच. सुधारत नाही, बिघडत नाही."

माझ्या मनात आलं ते करू नये असं वाटत होतं. तरी केलं. वळले आणि आल्या वाटेने वीस-पंचवीस पावलं मागे गेले.

"गेला परत," टेस्टर म्हणाला. "तुटायला लागला… ताई, तुम्ही नेमकं करताय काय?"

माझ्या एका हातात फोन होता, दुसरा मोकळा. पर्ससुद्धा घेतली नव्हती. मागे वळून पाहिलं. रस्त्यावर माझी सावली होती, आणि रस्ता.

मग मात्र भरभर चालले.

दुकानात सोल्डरिंगचा जळका वास होता. टेस्टरने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते, चुकून कशाला लागू नयेत म्हणून. फोन त्याने टेबलावर ठेवला होता. त्यातून माझाच श्वास ऐकू येत होता. मी बंद केला.

पडद्यावर बाण फिरत होता. स्वच्छ, भरीव गोल, एका रेषेत, कुठेही न तुटता. तीन गोल. थांबा. तीन गोल. आजारात इतक्या जवळून तो मला कधी दिसलाच नव्हता.

"लोण्यासारखा," टेस्टर हळूच म्हणाला.

मी स्टूल ओढून बसले. या वेळी मी उठणार नव्हते. सव्वाचार झाले, साडेचार झाले. एक गिऱ्हाईक आलं, टेस्टरने त्याला दारातूनच परत पाठवलं. पाच वाजले. बाण फिरत होता. दमत नव्हता, घाई करत नव्हता. तीन गोल, थांबा, तीन गोल. तेव्हा मला कळलं, की त्या दिवशी तो झोपलेला नव्हता. मी पानं तपासत होते, पाठवत होते, फोनवर हसून बोलत होते, तो सगळा वेळ आत हे असं चाललं होतं. दीड तास.

माझं रडणं टेस्टरने पाहिलं नाही, किंवा पाहिल्याचं दाखवलं नाही. त्याने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मग मी त्याला सगळं सांगितलं. घंटी, पाटी, तीन गोल, उपटलेला रिसीव्हर. जे नणंदेला सांगितलं नाही ते या परक्या माणसाला सांगितलं.

"पाच वीसला थांबेल आता," मी म्हटलं. "आलेय ना मी."

आम्ही दोघं कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहत बसलो. पाच अठरा. पाच एकोणीस. पाच वीस.

बाण थांबला.

मी डोळे मिटले. "ऐकलं रे," असं काहीसं पुटपुटले असेन. स्टुलाच्या कडेवरची माझी बोटं सैल झाली.

"ताई," टेस्टर म्हणाला.

बाण फिरत होता. तीन गोल, थांबा. तीन गोल. घड्याळात पाच एकवीस झाले, मग पाच बावीस.

टेस्टरने चष्मा काढला. तो माझ्याकडे पाहत नव्हता. माझ्या शेजारी, खांद्याच्या जरा वर, जिथे काहीच नव्हतं, तिथे पाहत होता.

"एवढा सरळ चालतोय म्हणजे अगदी हाताशीच आहे," तो म्हणाला. "तुम्ही तर आलात त्यांच्यापाशी. मग आता… कुठे 'ये' म्हणतायत ते?"