एका खाटेवर दोन बॅच

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना खाटेवर झोपवलं आणि सहा मुलींच्या हवाली केलं.

दर वर्षीचाच कार्यक्रम होता तो. मी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना वॉर्डातलं काम शिकवते. खऱ्या पेशंटला हात लावण्याआधी धडधाकट माणसावर सराव करायचा, हा माझा नियम. आणि असा धडधाकट, रिकामा, वर हौशी माणूस आमच्या घरातच होता. बाबा निवृत्त बस कंडक्टर. पेशंट व्हायचं म्हणून ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

हॉस्पिटलच्या सरावाच्या खोलीत आम्ही चादर बदलायला घेणार, तोच दार उघडलं. दुसऱ्या कॉलेजचे एक सर, मागे त्यांची सहा मुलं आणि सरांच्या काखेत सरावाचा प्लास्टिकचा पुतळा. पुतळ्याला एक पाय नव्हता.

"अकराला ही खोली आम्हाला दिली आहे," सर म्हणाले.

"आम्हालाही."

दोघांनी कागद काढले. दोन्हींवर एकाच मेट्रनची सही.

"भांडता कशाला?" खाटेवरून बाबा म्हणाले. "आत सरका, जागा आहे. त्या लंगड्या पाहुण्याला उभं करा कोपऱ्यात. एका खाटेवर दोन बॅच सहज मावतील."

पेशंटला न उठवता चादर बदलायची तर दोन माणसं लागतात. एकानं पेशंटला आपल्याकडे कुशीवर वळवून धरायचं, दुसऱ्यानं त्याच्या पाठीमागची जुनी चादर गुंडाळून नवी घालायची. मग उलट बाजूनं तेच.

"दोघं शिक्षक आहात, तर तुम्हीच दाखवा की," बाबा म्हणाले. इतका निरागस चेहरा त्यांनी तिकीट तपासनिसासमोरही कधी केला नसेल.

सरांनी त्यांना हलकेच आपल्याकडे वळवलं. मी चादर खोचू लागले.

"फार घट्ट कोपरा घालता तुम्ही," सर हळूच म्हणाले.

"सैल काम मला चालत नाही."

"आणि... सैल माणसं?"

"तुमच्या पायांत दोन रंगांचे मोजे आहेत. म्हणजे तुम्ही स्वतःबद्दल विचारताय."

"बघितलेत म्हणजे!"

"पेशंटला वरपासून खालपर्यंत बघायची सवय आहे मला."

"पण पेशंट तर हे आहेत..."

"मी मध्ये आहे हं," बाबा उशीत तोंड खुपसून म्हणाले. "आपलं सांगून ठेवतो."

माझ्या बॅचमधली सर्वांत लहानखुरी मुलगी, तिला सगळ्या चिमणी म्हणतात, तपासणीचा तक्ता घेऊन उभी होती.

"मॅडम, मार्क वाचू? काय करणार ते पेशंटला सांगणे – शून्य. त्रास होतोय का विचारणे – शून्य. तुम्ही सगळं सरांशीच बोललात."

"आणि जुनी चादर कुठाय?" सरांच्या एका विद्यार्थ्यानं विचारलं.

जुनी चादर बाबांच्या कमरेखाली होती. तिची वळकटी तशीच ठेवून आम्ही वरून नवी ताणली होती. दोघांचा मिळून वीस-बावीस वर्षांचा अनुभव!

"मला वाटलं, गतिरोधक आहे," बाबा म्हणाले. "दोघं नापास. यांची रोज परीक्षा घ्या!"

घरी जाताना त्यांनी विषय काढलाच.

"माणूस बरा आहे."

"बाबा, चाळिशीचा आहे तो."

"मग तू काय शाळेत जातेस? काहीतरी बोल त्याच्याशी."

"काय बोलू?"

"तेही मीच सांगू?"

"बघू," मी म्हणाले. मी नेहमी बघूच म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळून हाक मारली, ते उठले नाहीत. नाडी मीच पाहिली. मुलींना मी पूर्ण एक मिनिट मोजायला सांगते. मी बराच वेळ मोजत होते.

आठवड्यानं कामावर गेले. तेव्हापासून रोज दुपारी सर माझ्या टेबलाशी यायचे. सांत्वनाचा एक शब्द नाही, फक्त शंका. आज चादरीचा कोपरा, उद्या थर्मामीटर. मीही गंभीरपणे उत्तरं द्यायची. ते गेले की खोली मोठी वाटायची.

"मॅडम," एकदा चिमणीनं विचारलं, "सरांना कोपरा येत नाही, की इथून निघवत नाही?"

"तू आधी बेडपॅन मोज," मी म्हणाले. पण कान तापले होते.

महिना संपला. शनिवारी सर आले, तेव्हा त्यांच्याकडे एकही शंका नव्हती.

"आमच्या बॅचचं इथलं काम आज संपलं," ते म्हणाले. "सोमवारपासून दुसरं हॉस्पिटल, शहराच्या पार त्या टोकाला. आता इकडे यायला... काही कारण उरणार नाही."

बाहेर व्हरांड्यात बाराच्या बारा पोरं टॉवेल मोजत होती. तेच टॉवेल, तिसऱ्यांदा.

"बरं," मी म्हणाले.

ते मान हलवून दाराकडे वळले. मी उठले, खुर्ची मागे पडली, बाहेरचं मोजणं थांबलं.

"थांबा. मला एक सांगायचंय. बाबा मला फार आवडायचे... आणि त्यांना हे मी एकदाही म्हटलं नाही. माणूस रोज समोर असतो, वाटतं, त्यात सांगायचं काय! म्हणून आत्ताच सांगते, ही पोरं ऐकतायत तरी सांगते – तुम्हीही मला फार आवडता."