उलान खिंडीच्या अलीकडे

नातवाचं जावळ पहिल्यांदा आजोबांच्या हातून कापलं जावं, एवढ्यासाठी तिघं जण गोबीच्या वाळवंटात निघाले होते. लामांनी काढून दिलेला मुहूर्त उद्या सकाळचा होता. लेकीची वस्ती डोंगरापलीकडे होती. मध्ये उलान खिंड होती आणि खिंडीत रस्ता असा नव्हताच, नुसती दगडगोट्यांची कोरडी नदी!

गाडी सेवजिद चालवत होती. जुनी रशियन व्हॅन. ती आयुष्यभर तिचा नवरा गोंबोजाव यानं चालवली होती. पण हिवाळ्यात त्याला झटका आला. उजवा हात लुळा पडला, शब्द जड झाले. तेव्हापासून तो तिच्या शेजारी बसायचा, आणि तिनं गिअर बदलला की त्याचा पाय समोर क्लच असल्यासारखा आपोआप खाली दाबला जायचा.

मागच्या बाकावर त्याची थोरली बहीण दोलगोर होती. मांडीवर बोर्त्सोगची, तळलेल्या पिठाच्या वड्यांची, पिशवी घेऊन ती मोकळेपणानं बोलत होती.

"सेवजिद, दगड चुकवतेयस की शोधतेयस?"

"ताई, तुम्ही खात राहा बघू," सेवजिद म्हणाली.

खिंडीच्या अलीकडच्या नदीपात्राचा पहिला टप्पा पार पडला. दोन्ही बाजूंना तांबडे कडे उभे होते, मध्येच एखादं वाकडंतिकडं झाड, आणि वर आकाशात गिधाडांच्या सावकाश घिरट्या. पात्र सोडून गाडी उतारावर आली आणि डावं चाक एका धोंड्यावर धाडकन आदळलं!

गाडी पुढे गेली खरी. पण सेवजिदचे हात थांबले. गाडी सरळ चालली होती आणि स्टीअरिंग मात्र उजवीकडे कललेलं! सरळ धरलं की गाडी डावीकडे ओढ घेई. डावीकडे घळ होती.

"थांब," गोंबोजाव म्हणाला.

तिनं ब्रेक दाबला. खडी घसरली. मागचं चाक फिरलं. गाडी उतारावर आडवी वळली! सेवजिदनं स्टीअरिंग पूर्ण वळवलं, छातीनं दाबून धरलं. घळीच्या काठाशी येऊन गाडी थांबली. खाली सुटलेले दगड बराच वेळ वाजत राहिले.

बोर्त्सोग सगळ्या गाडीभर सांडले होते.

"मोडली मी तुझी गाडी," सेवजिद म्हणाली.

"उतर. बघू." त्यानं डाव्या हातानं दार उघडलं.

दोलगोर खाली उतरून घाम पुसत म्हणाली, "त्यात बघायचं काय? ते स्टीअरिंगचं चक्र काढा आणि सरळ करून परत बसवा. झालं!"

"ताई, नुसता घड्याळाचा काटा मागे फिरवून काळ मागे जात असता," गोंबोजाव एकेक शब्द ओढत म्हणाला, "तर मी एव्हाना तरुण झालो असतो."

सेवजिदला हसू फुटलं. हिवाळ्यापासून तो इतकं लांब बोलला नव्हता.

त्यानं तिला कामाला लावलं. आधी टायर. तिनं चारही दाबून पाहिले. हवा ठीक होती. मग ती गाडीखाली शिरली आणि दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्यावरून हात फिरवला.

"वाकलाय?"

"नाही. सरळ आहे."

"ताई, स्टीअरिंग हलव. सेवजिद, सांध्यावर बोट ठेव. खटखट लागते?"

"नाही लागत."

तो खडकाला टेकून विचार करत बसला. पश्चिमेला क्षितिज पिवळं पडू लागलं होतं. वादळ! सेवजिदनं ते पाहिलं, पण त्याच्या कपाळावरच्या ओळखीच्या आठ्या बघून ती गप्प राहिली.

"तुझा कमरपट्टा सोड," तो अचानक म्हणाला.

"अगंबाई!" दोलगोर ओरडली. "या वयात? आणि माझ्यासमोर?"

सेवजिदनं लाजत आपल्या अंगरख्याचा लांब रेशमी पट्टा सोडला. चाकं सरळ करून, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत तिनं उजव्या बाजूनं पट्टा ताणला आणि गाठ मारली. मग तोच डाव्या बाजूला लावला. गाठ चाकाच्या मध्यापुढे गेली. चार बोटं!

"डावं चाक मागे सरकलंय!"

"चाकांचा आसच सरकलाय. स्प्रिंगच्या पाट्यांचा मधला बोल्ट बघ."

तिनं माती खरवडली. एकावर एक रचलेल्या लोखंडी पाट्यांना आसावर जागच्या जागी धरून ठेवणारा तो बोल्ट तुटला होता. एक तुकडा तिच्या हातात आला. तिनं तो त्याच्या तळव्यावर ठेवला. त्यानं तो उन्हात धरला, अंगठ्यानं चाचपला.

"बघ. अर्धी भेग गंजलेली आहे. फक्त अर्धीच नवी, चमकणारी." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "ही कधीची आहे. मी चालवायचो तेव्हाची. तू नाही मोडलीस."

सेवजिदनं त्याच्या लुळ्या हातावरची धूळ आपल्या बाहीनं पुसली.

आता घाई! दगडावर जॅक चढला. नट सुटेनात, तिनं पान्यावर उभं राहून ते सोडवले. बदली बोल्ट कुठून आणायचा? गोंबोजावनं दोलगोरच्या बाकाकडे बोट दाखवलं.

"माझं बाक?" दोलगोर म्हणाली. "आणि मी कुठे बसू?"

"बोर्त्सोगांवर," भाऊ म्हणाला.

बाकाचा बोल्ट बसला. दोघींनी पहारीनं आस पुढे रेटला, पट्ट्यानं पुन्हा माप घेतलं. गाठ जुळली! शेवटचा नट घट्ट होतो न होतो तोच वारा येऊन आदळला. तिघं आत शिरली, दारं लावली. बाहेर सगळं तपकिरी झालं. वाळू काचांवर तडतडत राहिली. दोलगोर जमिनीवर बसून मंत्र पुटपुटत होती. सेवजिदनं थर्मासमधला खारा दुधाचा चहा ओतला आणि वाटी नवऱ्याच्या ओठांशी धरली.

वारा ओसरला तेव्हा दिवस कलला होता. समोर खिंडीचं तोंड दिसत होतं. त्यातून गेलं तर मुहूर्त गाठता आला असता.

"जाऊ या का?" सेवजिदनं विचारलं. तिनं स्टीअरिंग घट्ट धरलं होतं.

गोंबोजाव कितीतरी वेळ खिंडीकडे बघत राहिला. ती त्यानं कधी टाळली नव्हती, बर्फातसुद्धा.

"बाकाचा बोल्ट आहे तो," तो म्हणाला. "मैदानातून वळसा घाल."

"पण जावळ?"

"दुसरं कुणी कापेल. तुम्ही दोघी मला हव्या आहात."

दोलगोरनं मागे जोरात नाक शिंकरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वस्तीवर पोहोचले. लेक उरना धावत आली, आईच्या गळ्यात पडली. मुहूर्त टळू नये म्हणून तिच्या सासऱ्यांनी पहिली बट कापली होती. तिला सांगताना रडू येत होतं. "बरं केलंत," गोंबोजाव म्हणाला. पण गेरमध्ये, त्यांच्या गोल तंबूत, शिरताना तो उंबऱ्याशी जरा थांबला.

आत छोटा बिल्गून पाहुण्यांमधून हिंडत होता. डोकं भादरलेलं, एका हातात निळ्या रेशमाची पिशवी, दुसऱ्यात कात्री. सकाळपासून ज्याच्यासमोर जाऊन उभं राहावं, तो केस कापून पिशवीत टाकत होता. हा खेळ त्याला फार आवडला होता. पण आता डोक्यावर काही उरलंच नव्हतं.

तो आजोबांसमोर आला. डोकं पुढे केलं. गोंबोजावनं डाव्या हातानं ते कुरवाळलं.

"संपले रे तुझे."

बिल्गूननं स्वतःचं डोकं चाचपलं, विचार केला. मग आजोबांच्या टोपीकडे बोट दाखवलं.

"मग तुझे?"

गेरमध्ये हशा पिकला. गोंबोजावनं टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि नातवापुढे आपलं पांढरं डोकं खाली वाकवलं.