चौथा खांदा

साल दोन हजार चोवीस. फेब्रुवारीची नऊ तारीख, शुक्रवार, पौषाची अमावास्या. थंडी उतरणीला लागली होती, हरभऱ्याला घाटे धरले होते. ज्याच्यावर हे गुदरलं तो मारोतराव माझ्या बसण्याउठण्यातला माणूस. दारू पीत नाही, वाढवून बोलत नाही. मोबाईल खाली ठेवा आणि ऐका.

कुहीच्या पुढं धरणाच्या पाण्यात बेलपार नावाचं गाव बुडालं. वर नवी वस्ती झाली, बुडालेल्या गावावर दलदल झाली. पाणकणीस, बेशरमाची झुडपं, गाळ. हिवाळ्यात तिथं दूरदेशची पाखरं उतरतात, म्हणून ती जागा राखीव केली. मारोतराव लोकांना डोंग्यातून पाखरं दाखवतो. डोंगा म्हणजे सागाचं एक अख्खं खोड कोरून केलेली नाव. पाण्यात एक माणूस हाकतो, जमिनीवर उचलायला चार लागतात.

त्या दिवशी नागपूरहून मयुरा मॅडम आल्या होत्या. कॉलेजात शिकवतात.

"आता मारुतीच्या पारावरून डावीकडं घेतो," मारोतराव म्हणाला. "शाळेच्या मागं राजहंस बसतात."

मॅडमनी चारी बाजूंना पाहिलं. नुसतं पाणी.

"शाळा कुठे आहे?"

"तुमच्या खाली."

मॅडमनी डोंग्याबाहेरचा हात आत घेतला. पण राजहंस पाहिले, चक्रवाक पाहिले, पाण्यातल्या टेकाडावर उतरून हळदी-कुंकू बदकं पाहिली. घरी आल्यावर कळलं, दुर्बीण टेकाडावर राहिली. दुर्बीण कॉलेजची. मुक्काम मारोतरावाच्याच घरी, आणि पहाटे पाचला निघायचं.

"चारले उठून आणून देतो," मारोतराव म्हणाला.

"काहून? अमुशाचं भेव वाटून राहिलं का?" त्याची बायको शोभाताई भाकरी थापता थापता म्हणाली. "तसंही वेळेवर पोचणं तुमाले जमतेच कुठी."

हा टोमणा कशाचा, ते सांगतो.

बारा वर्षांमागं भादव्यात मारोतरावाचा बाप गेला. नाल्याला पूर, सोयरे पलीकडं अडकले. चंपतराव नावाचा जुना डोंगेवाला पुरातून पोहत आला. घरापासून घाटापर्यंत त्यानं तिरडीचा पुढचा दांडा सोडला नाही. मारोतरावाला डोंगा हाकायला शिकवलं तेही त्यानंच. गेल्या दिवाळीत हा चंपतराव वारला. निरोप आला तेव्हा मारोतराव पाहुणे घेऊन पाण्यात होता. एवढी फेरी संपवतो आणि जातो, म्हणाला. पोचला तेव्हा तिरडी निघून गेली होती. चंपतरावाचा मुलगा दुर्गेश एवढंच बोलला, "चौथा खांदा माह्या बहिणीनं देला, काका." त्यानंतर तो मारोतरावाशी बोलला नाही. वस्तीत कोणी तोंडावर काही म्हटलं नाही. पण मयतीचं बोलावणं मारोतरावाच्या दारी येणं बंद झालं. आमच्याकडं याहून मोठी शिक्षा नाही.

बायकोचा शब्द लागला. सव्वाआठला तो निघाला.

टेकाडावर डोंगा लावला. गवतात दुर्बीण शोधायला तास गेला. सापडली, गळ्यात घातली, परत येऊन डोंग्यात बसला. बांबू टेकवून जोर केला. डोंगा हलला नाही.

त्यानं बॅटरी मारली. पाणी उतरलं होतं. कालव्याला सोडलं असेल. जिथून आला तिथं आता गाळ होता, दूरपर्यंत. मोबाईलला रेंज नाही. रात्रभर बसायचं म्हटलं तर थंडी, आणि पहाटे पाचची वेळ.

चक्रवाक रात्रीसुद्धा ओरडत असतात. त्या वेळी एकही ओरडत नव्हता.

डोंग्याच्या पुढच्या टोकाला कोणी खाकरलं.

"मारोत."

त्याला वाटलं, दुर्गेश. बॅटरी फिरवली. बॅटरी विझली.

"कोण आहे गा?"

…

"कोण आहे?"

"खांदा दे."

तो उतरला. गाळ पोटरीपर्यंत. मागच्या टोकाखाली वाकला, उजवा खांदा लावला. एकट्यानं हलणारं ते लाकूड नव्हे. पण उठलं. जड होतं, खांद्यात रुतत होतं, पण उठलं.

चालू लागले.

गाळात पाय पडतो तसा आवाज. आधी त्याचा. मग त्याच्या उजव्या हाताला एक. मग पुढं दोन. त्यानं मान वळवली नाही.

"दुर्गेश…?"

…

बरंच चालून झालं. मग डोंगा आपसूक खाली गेला. गाळावर टेकला. थांबला. आणि जागच्या जागी फिरला… पुढचं टोक मागं, मागचं पुढं.

मारोतराव एक पाऊल मागं सरला.

घर आणि घाट यांच्या मध्ये तिरडी खाली ठेवतात. तोंड फिरवतात. खांदे बदलतात. विसावा म्हणतात त्याला. डोंग्याला कोणी विसावा देत नाही.

पळता आलं असतं. काठाचे दिवे दिसत होते.

"थकला का?"

आवाज पुढून नव्हता आता. डोंग्यातून होता.

मारोतरावानं दिव्यांवरून नजर काढली. मग वाकला. डावा खांदा लावला.

"नाही," तो म्हणाला. "चाला."

पुन्हा चौघांच्या पायांचे आवाज. गाळ संपला. पायाखाली दगड लागले. डोंगा टेकला… आणि मग काही नाही. त्यानं हात जोडले. अंधाराला जोडले.

साडेअकराला घरी आला. दुर्बीण ओट्यावर ठेवली, उंबरा ओलांडला नाही. विहिरीवर गेला आणि कपड्यांनिशी अंगावर पाणी घेतलं.

"या थंडीत आंघोळ?" शोभाताई दारातून म्हणाली.

त्यानं दुसरी बादली ओतली. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि कोरडं धोतर आणून दिलं.

पहाटे मॅडम गेल्या. उजाडल्यावर मारोतराव दुर्गेशच्या दारात उभा राहिला.

"डोंगा जुन्या घाटावर आहे. उचलाले ये."

दुर्गेश बोलला नाही, पण आला. वनरक्षक रवींद्र आला, शेजारचा सौरव आला.

बेलपारचं जुनं स्मशान चार दिवसांपूर्वीच पाण्याबाहेर आलं होतं. डोंगा तिथं, चौथऱ्याशेजारी. तिथून टेकाडापर्यंत अर्धा मैल गाळ, आणि गाळात पावलं एकाच माणसाची. पावलांच्या दोन्ही बाजूंना, मयतीवर उधळतात तशा, लाह्या पडल्या होत्या. पार टेकाडापासून. रात्रभर दव पडलं होतं, गाळ ओला होता. लाह्या कोरड्या होत्या.

दुर्गेश खाली बसला. एक लाही उचलली, तळहातावर ठेवून पाहिली, परत जागेवर ठेवली. मग उठला.

"माह्या बापाचा खांदा फिटला, काका."