लिंबाजीला पोहता येत होतं

लातूर जिल्हा नवा झाला त्या वर्षी औसा तालुक्यातल्या करजवाडीच्या शाळेत मी रुजू झाले. पहिलीच नेमणूक. पाऊस हुलकावणी देऊन गेला होता, संक्रांतीच्या आतच विहिरींनी तळ दाखवला होता, आणि नव्या जिल्ह्याच्या कचेरीला मात्र नव्या नवरीसारखा हुरूप होता. तिकडून हुकूम आला की सातवीच्या मुलांनी 'माझे गाव' या विषयावर शोधकाम करावं, शाळेत प्रदर्शन मांडावं, विस्तार अधिकारी पाहायला येतील.

हेडमास्तर व्यंकटराव यांनी ते काम माझ्याकडे ढकललं. "सोनकांबळे बाई, तुम्ही तरुण आहात." शाळेच्या छपरावर माकड चढलं तरी ते मला हेच सांगायचे.

मुलं 'आमचे गाव फार सुंदर आहे' याच्यापुढं लिहीत नव्हती. आधी त्यांचा हात मोकळा व्हावा म्हणून मी म्हटलं, "बहात्तरच्या दुष्काळात आपल्या गावात एक माणूस आला. तो कसा होता? सगळ्यांनी मिळून सांगायचं. खोटंच सांगायचं."

खोटं बोलायची परवानगी मिळाल्यावर वर्ग जागा झाला. नाव लिंबाजी ठरलं. तो खडी फोडायच्या कामावर आलेला. विजेच्या खांबाएवढा उंच. मारोती म्हणाला, त्याच्या एकाच पायात जोडा होता. कुणी म्हणालं, त्याच्या शिंकेनं बैल दावं तोडायचे. शेवटच्या रांगेतली महादेवी म्हणाली, "त्याला हसू उशिरा येतं. आज गंमत सांगितली की उद्या हसतो." आम्ही सगळे पोट धरून हसलो. व्यंकटराव दारात येऊन उभे राहिले. "ह्या कल्पनेला मार्क किती?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर न घेताच गेले.

पुढच्या आठवड्यात खरं शोधकाम सुरू झालं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, दुष्काळात काय पाहिलंत. मुलं सांगू लागली. लोक पाला उकडून खायचे. सरकारकडून खायला सुकडी मिळायची, तिला रॉकेलचा वास यायचा. मग मारोती उठला.

"आजोबा म्हणले, लिंबाजी नावाचा एक लई उंच गडी होता."

वर्ग हसला. मी मारोतीला उभंच ठेवलं. पण त्याच्यामागच्या मुलानंही तेच आणलं होतं, आणि त्याच्या शेजारच्या मुलीनंही. मुलांनी घरी गोष्ट सांगितली असणार, आणि म्हाताऱ्यांनी नातवंडांची गंमत केली असणार. मी सगळ्यांना दटावलं.

शाळा सुटल्यावर मारोतीचे आजोबा, दगडोबा, पारावर भेटले. मी हसत हसत लिंबाजीचं विचारलं. ते हसले नाहीत.

"त्याच्या शिंकेनं माझा खिलारी बैल बुजला बगा. मरेस्तोवर लंगडत व्हता." त्यांनी तंबाखू मळली. "पायात एकच जोडा. आमी इचारलं, दुसरा कुठं हाय? तर म्हणला, दुसरा मला कुनी दिलाच न्हाई."

मी शिकलेली बाई. शाळेत विज्ञानही मीच शिकवत होते. एक परीक्षा घ्यायचं ठरवलं. लिंबाजीबद्दल एक नवीन गोष्ट मनातल्या मनात रचायची आणि कुणालाही सांगायची नाही. रात्री जेवताना मी ठरवून टाकलं की त्याला उत्तम पोहता येत होतं. दुष्काळात पोहणारा माणूस. माझं मलाच हसू आलं.

सकाळी कोंडामावशीकडं गेले. ती माझ्या शेजारी, आमच्याच बुद्धवाड्यात राहायची. दुष्काळात तिनंही खडी फोडली होती. चूल सारवत होती. मी इतकंच विचारलं, "मावशी, तो लिंबाजी कसा होता गं?"

"येडा व्हता," ती म्हणाली. "कोरड्या बारवेत पवायला उतरायचा."

तिनं चुलीवरून पुन्हा हात फिरवला.

"अन् वर यायचा तवा केस वले असायचे."

त्या दिवशी मी विज्ञानाच्या तासाला चित्रकला घेतली.

प्रदर्शन तोंडावर आलं. खऱ्या शोधकामात खोटा माणूस घुसला आहे हे मी व्यंकटरावांना सांगितलं. त्यांनी उठून दार लोटलं. मग हळूच म्हणाले, "आमच्या मातोश्रीसुद्धा त्याचं नाव घेतात. काहीही करा, पण त्याला अधिकाऱ्यांच्या आधी इथून काढा."

मी वर्गात म्हटलं, आता लिंबाजीची गोष्ट संपवू. दुष्काळ सरला आणि तो निघून गेला.

"कुठं गेला?" मारोतीनं विचारलं.

"त्याच्या गावी."

"त्याला गाव न्हाई, बाई," महादेवी म्हणाली. "आपण त्याला गाव दिलंच न्हाई. आई बी न्हाई दिली."

 तिचा चेहरा पडलेला पाहून मलाही कसंतरी झालं. पण नोकरी नवीन होती. शेवटी मारोतीनं तोड काढली. त्या वर्षी गावात ज्याचं कुठंच जमत नव्हतं तो लातूरला जात होता. लिंबाजीलाही आम्ही यष्टीत बसवलं, लातूरला पाठवलं, शिपायाची नोकरी लावून दिली. महादेवीनं त्याला दुसरा जोडा दिला.

दुसऱ्या दिवशी पारावर दगडोबा म्हणाले, "लिंबाजी? त्यो गेला की लातूरला. नोकरी लागली त्याला."

विस्तार अधिकारी आले. सुकडीच्या रॉकेलच्या वासाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "मुलांची कल्पनाशक्ती चांगली आहे." मग मुलांनी हौसेनं काढून गुपचूप लावलेल्या लिंबाजीच्या चित्रापुढं उभे राहिले. "हे मात्र खरं शोधकाम. अशी माणसं इतिहासात राहून जातात." व्यंकटरावांना अचानक खोकला आला. शाळेला शाबासकी मिळाली.

संध्याकाळी पेढा घेऊन कोंडामावशीकडं गेले. तिनं पेढा कपाळाला लावला आणि पदरात बांधून ठेवला.

"बरं केलंत, त्याला मार्गी लावलंत," ती म्हणाली.

"कुणाला?"

"लिंबाजीला. तुमची लई वाट बगायचा त्यो. फाट्यावर यष्टी थांबली की पळत जायचा. म्हणायचा, माझी बाई येनार हाय."

"कधीची गोष्ट, मावशी?"

"दुष्काळातलीच की. तुमी तवा फराकातल्या असाल."

मी तेव्हा मुखेडला, पाचवीत होते.

"म्हणायचा, ती आली की मला धाडून देईल. मी म्हणलं, अरे, मग वाट कशाला बगून राहिलास?" मावशीनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला. "तर म्हणला, कोंडाबाई, ती आलीच न्हाई, तर मी आलो कुठून?"

बाहेर कुणीतरी गुरं हाकत गेलं. मावशी माझ्याकडं बघत राहिली.

"तुमाला कळतंय का त्याचं बोलनं, बाई? तुमी शिकलेल्या."