निर्भय उंदीर

कोल्हापूरजवळच्या सर्पाहार प्रयोगशाळेत डॉ. वैजयंती राजवाडेचा एक नियम मोडायची कुणाची छाती होत नसे. सापाला उंदीर द्यायचा तो लांब चिमट्यानेच. हाताला उंदराचा वास, त्यात अंगची ऊब. सापाला बोट काय नि उंदीर काय, सारखंच. घरोघरी साप पाळायची हौस फोफावल्यापासून हे लोकांना सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता.

दुसरं संकट उंदरांचं. मेलेल्या उंदराकडे प्रयोगशाळेतला अजगर, भाऊसाहेब, ढुंकूनही पाहत नसे. जिवंत द्यावा, तर जिवावर उदार झालेला उंदीर भाऊसाहेबाचेच लचके तोडी. यावर तोडगा काढला तिच्या नवऱ्याने, डॉ. हेरंबने. त्याने भयशामक विषाणू घडवला. एका उंदराला दिला की तो श्वासावाटे साऱ्या पिंजऱ्यात पसरे, मेंदूत शिरे आणि भीतीचं केंद्र कायमचं गप्प करी.

"भीती गेली की उंदीर पळत नाही आणि चावतही नाही," हेरंबने तिला समजावलं होतं. "पळायला वाट उरली नाही म्हणूनच तो चावतो."

"आणि तो विषाणू भाऊसाहेबाच्या पोटात गेला तर?"

"सापाला लागत नाही. फक्त सस्तन प्राण्यांना लागतो."

वैजयंती हरखली. नवऱ्याच्या हुशारीचं तिला आधीपासूनच कौतुक. पुढे उंदरांच्या खोलीत जायचं काम हळूहळू तिच्याच गळ्यात पडलं. भाऊसाहेबाला तुझ्याच हातचं गोड लागतं, असं हेरंब लाडाने म्हणे आणि ती खुळी खूश होई.

एका सकाळी भाऊसाहेबाने उंदीर सोडून तिचा हातच धरला. रक्त ठिबकत होतं आणि ती शांतपणे बघत उभी होती. हात मागे घ्यावा असं तिला वाटलंच नाही. मग तिच्या ध्यानात आलं की चिमटा खुंटीवरच आहे. कितीतरी दिवसांत तिने तो हातात घेतला नव्हता.

दुपारी तिने स्वतःच्या नाकातला स्राव तपासला. तोच विषाणू होता.

तिने जाब विचारल्यावर हेरंबने काही लपवलं नाही. हा माणसालाही लागणार हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, म्हणूनच तो त्या खोलीत पाऊल टाकत नव्हता. माणसांवर प्रयोग करायची परवानगी त्याला जन्मात मिळाली नसती.

"बाहेरचा माणूस तक्रार करतो," तो म्हणाला. "घरचं कोण करणार? उद्यापासून जास्त तीव्र मात्रा देऊन बघू. नको असेल तर दार उघडं आहे, वैजू. मी अडवणार नाही."

तिच्या काळजात कळ उठली. दुःखाचं केंद्र वेगळं. त्याला विषाणूने हातही लावला नव्हता, त्यामुळे दुःख पुरेपूर होत होतं. ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला त्याने आपला केसाने गळा कापला, हे तिला लख्ख कळत होतं. आता उठावं, त्याला फाडून खावं, निदान दाराबाहेर तरी पडावं, हेही कळत होतं. पळायला नि चावायला लावणारी भीती कधी जागी होते, याची ती वाट बघत राहिली. पाय काही हलेनात.

तिने पदराने डोळे पुसले.

"उद्या किती वाजता येऊ?" तिने विचारलं.