माझूला राजकन्या आवडतात

त्या संध्याकाळी देवळासमोर सिनेमा चालू होता आणि बघायला एकही माणूस नव्हता. त्यात नवल नाही. तैवानमधल्या आमच्या दोंगशी बंदरात नवस फेडायला सिनेमा लावतात तो समुद्राच्या देवीसाठी, माझूसाठी. पडद्याचं तोंडही देवळाच्या दाराकडे. माणसं आली तर आली. पण मशीनमागे नेहमीच्या शुईकाकांऐवजी एक उंच तरुण उभा होता, शर्टाच्या बाह्या दुमडलेला... आणि मी कालवांची टोपली घेऊन तिथेच थबकले.

पडद्यावर तलवारी खणखणत होत्या.

“रोज मारामाऱ्याच लावता?” मी विचारलं.

“देवी काही बोलली नाही अजून.”

“बोलणार कशी बिचारी? मुलगी आहे ती, लग्नाआधीच देवी झालेली. एखाद्या राजकन्येचा सिनेमा लावा की.”

“तिला राजकन्या आवडतात, हे तुम्हाला कसं कळलं?”

“मी पण मुलगीच आहे,” म्हटलं आणि निघाले. कान मात्र गरम झाले होते.

दुसऱ्या दिवशी त्याने वडिलांच्या फिल्मच्या जुन्या डब्यांतून खरंच एक राजकन्या शोधून आणली. त्याचं नाव चिन-हाय, शुईकाकांचा मुलगा. काकांचं कंबरेचं हाड मोडलं म्हणून उत्सवाचे बारा दिवस तो मशीन सांभाळणार होता. मग मशीन विकायचं आणि तैपेईला लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीवर जायचं. हे त्याने मला तेव्हाच सांगितलं आणि मी ‘छान’ म्हणाले. चौथ्या दिवसापासून मला ते छान वाटेना.

मी मावशीच्या गाडीवर कालवं फोडते. गाडी आवरली की कालवं घातलेली अंड्याची पोळी कागदात गुंडाळून मी पटांगणात जायची. “देवीला हल्ली रोज सोबत लागते वाटतं,” मावशी म्हणायची. आम्ही प्लास्टिकच्या स्टुलांवर बसायचो, मधे एक रिकामं स्टूल ठेवून. पाचव्या दिवशी ते रिकामं स्टूल कुणीतरी उचललं. मी नव्हतं उचललं.

‘तुम्ही’चं ‘तू’ही त्याच सुमारास झालं. चिन-हायला राजकन्या पटत नसत. महालातून पळालेली पोर दोन दिवसांत नूडल्स करून विकायला लागते, हे त्याला अजिबात मान्य नव्हतं.

“तुम्हा मुलींना यात आवडतं तरी काय? ते रेशमी झगे?”

“झगेही आवडतात. खोटं कशाला बोलू?” मी म्हटलं. “पण... तिला भीती वाटते ना, आणि तरी ती दार उघडून बाहेर पडते. आपल्याच्याने होत नाही ते. दोन तास वाटतं, होईल.”

तो पडद्याकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिला. मी पोळीचा घास उगाच चावत बसले.

शेवटच्या दिवशी सकाळी मी गुपचूप माझूसमोर उदबत्ती लावली आणि तो राहू दे म्हणून मागितलं. त्याला सांगायची छाती नव्हती. संध्याकाळी सिनेमा अर्धा झाला आणि पाऊस आला. देवी बघत असताना सिनेमा थांबवत नाहीत. चिन-हायने मशीनवर ताडपत्री ओढली, भिंगावर छत्री धरायला मला उभं केलं आणि धावत देवळात गेला. दारातून मला दिसत होतं. तो गुडघ्यांवर बसून कौल मागायला लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकत होता. एक उताणी आणि एक पालथी पडली की देवीचा होकार. दोन्ही उताण्या पडल्या तर देवी हसतेय.

तो पडलेल्या चेहऱ्याने परत आला.

“हसली ना?” मी विचारलं.

“चारदा.”

“विचारलंस काय?”

तो ताडपत्रीची दोरी उगाच घट्ट करत राहिला. “सू-यूनला... म्हणजे तुला... मी आवडतो का.”

मला राग आला. अगदी खरा राग. “मी इथे तुझी छत्री धरून भिजतेय, आणि तू आत जाऊन तिला विचारतोस? हसेल नाही तर काय करेल ती?”

“मग... तुला विचारू?”

“विचार.”

“आवडतो?”

“आवडतोस,” मी म्हटलं. चिन-हायने छत्रीच्या दांड्यावर माझ्या हाताशेजारी हात ठेवला. त्याचा हात ओला होता, गरम होता. पडद्यावरची राजकन्या पावसात पार धूसर झाली होती, आणि आम्हा दोघांनाही तिचं पुढे काय झालं ते आजतागायत ठाऊक नाही.

“उद्या सकाळची गाडी आहे माझी,” तो हळूच म्हणाला.

“जाऊ नकोस.”

आयुष्यभर मी जे काही मागितलं ते देवीकडे मागितलं होतं. माणसाकडे मागायची ही पहिलीच वेळ. सकाळची गाडी गेली, तो थांबला.